सदसद्विवेकबुद्धीचा बांध
(मंडळ्यांसाठीं अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : दानीएल अध्याय ३; प्रेषितांचीं कृत्यें ५:१७–४२ व २५:१–१२; रोमकरांस पत्र १३:१–७.



राजाज्ञा पाळणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे, ही शिकवण आपल्या मंडळ्यांत पहिल्या पिढीपासून चालत आली आहे. कर भरावा, अधिकाऱ्यांचा मान राखावा, राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करावी, असें प्रेषित पौलानें आपल्या पत्रांत बजाविलें आहे. परंतु त्याच शास्त्रांत तीन तरुणांची गोष्ट आहे. राजानें उभारलेल्या सुवर्णमूर्तीपुढें ते वांकले नाहींत, म्हणून ते धगधगत्या भट्टींत टाकिले गेले. पेत्र व इतर प्रेषित यांनींही न्यायसभेपुढें निर्भयपणें सांगितलें कीं, देवाची आज्ञा आणि मनुष्याची आज्ञा यांचा विरोध पडला तर आम्ही देवाची पाळणार.

तर मग सरकारचा अधिकार कोठवर पोंचतो आणि कोठें थांबतो? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्या गांवांत ख्रिस्ती घरें दोनचारच आहेत, तेथें तो मुलांच्या शाळेंत, ग्रामपंचायतीच्या बैठकींत, जत्रेच्या वर्गणीच्या वेळीं दाराशीं येऊन उभा राहतो. ह्या पाठांत आपण त्याचा विचार तीन न्यायनिर्णयांच्या आधारें करूं. त्यांपैकीं दोन अमेरिकेंतले आहेत व एक आपल्या देशांतला. हे तिन्ही खटले शाळेंत जाणाऱ्या मुलांवरून उद्भवले, हें ध्यानांत ठेवावें.

१. बांध आणि मोजणी

शेतकऱ्यास बांध म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. दोन शेतांमध्यें बांध असतो म्हणून दोन्ही शेजारी सुखानें नांदतात. बांध कोरणारा एकाच दिवशीं सारें शेत घेत नाहीं. दर सालीं नांगराचा एक तास पुढें सरकवितो. म्हणूनच शेजाऱ्याची सीमा सरकवूं नये अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे (अनुवाद १९:१४).

राज्यघटना हा तसाच एक बांध आहे. बांधाच्या एका बाजूस सरकारचें काम : कायदे करणें, कर घेणें, गुन्हेगारास शासन करणें, रस्ते व शाळा चालविणें. दुसऱ्या बाजूस प्रजाजनाचे ते हक्क, जे घटनेनें सरकारच्या हातीं दिलेलेच नाहींत. ह्या बांधाविषयीं तंटा पडला तर मोजणी कोणीं करावी? अमेरिकेंत १८०३ सालीं ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ ह्या खटल्यांत मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनीं याचें उत्तर दिलें. कायदेमंडळानें केलेला कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर तो कायदाच नव्हे, आणि तो तसा आहे कीं काय हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, असा त्यांच्या निर्णयाचा भावार्थ आहे.

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली. तिच्या १३ व्या कलमांत हेंच तत्त्व स्पष्ट लिहिलें आहे. आणि मूलभूत हक्क हिरावला गेल्यास प्रजाजनानें थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागावी, अशी सोय ३२ व्या कलमांत आहे. हें कलम घटनेचा आत्मा व हृदय होय, अशा अर्थाचे उद्गार डॉ. आंबेडकर यांनीं १९४८ सालीं घटनासमितींत काढिले होते.

परंतु मोजणी करणाराही मनुष्यच असतो, आणि त्याची सांखळी कधीं कधीं चुकते. पहिल्या खटल्यांत तसेंच झालें.

२. चुकलेली मोजणी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांत मायनर्सव्हिल नांवाचें एक लहान गांव आहे. दगडी कोळशाच्या खाणींचा तो मुलूख. तेथील शाळांत दररोज मुलांनीं राष्ट्रध्वजाकडे हात उंचावून निष्ठेची प्रतिज्ञा म्हणावयाची असे. १९३५ सालीं १२ वर्षांची एक मुलगी व तिचा १० वर्षांचा भाऊ यांनीं तसें करण्याचें नाकारिलें. त्यांचें कुटुंब ‘यहोवाचे साक्षी’ ह्या पंथाचें होतें. निर्गमाच्या २० व्या अध्यायांतील पहिल्या आज्ञांचा अर्थ ते असा करीत कीं, ध्वजास केलेलें वंदन हेंही देवावांचून दुसऱ्यास केलेलें वंदन होय. शाळामंडळानें दोन्ही मुलांस शाळेंतून काढून टाकिलें. बापानें खासगी शाळेचा खर्च सोसला आणि न्यायालयांत फिर्याद केली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या पंथाचें मत व आपलें मत एक नाहीं. ते त्रैक्याचा सिद्धान्त मानीत नाहींत, आणि ध्वजाविषयींचें त्यांचें म्हणणेंही बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांस मान्य नाहीं. आपण राष्ट्रध्वजास मान देतों तो पूजा म्हणून नव्हे, तर देशाविषयींच्या प्रीतीनें देतों. पण त्यांचें मत बरोबर कीं चूक, हा न्यायालयापुढील प्रश्न नव्हता. जें मनापासून पटत नाहीं तें बोलावयास सरकार मुलास भाग पाडूं शकतें काय, हा प्रश्न होता.

खालच्या दोन्ही न्यायालयांनीं मुलांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु ३ जून १९४० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं तो फिरविला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति फेलिक्स फ्रँकफर्टर हे कठोर अंतःकरणाचे गृहस्थ नव्हते. ते व्हिएन्ना शहरीं यहूदी घराण्यांत जन्मले होते व लहानपणीं अमेरिकेस आले होते. त्या दिवसांत युरोपांत महायुद्ध पेटलेलें होतें. राष्ट्राची एकी हा राष्ट्राच्या संरक्षणाचा पाया आहे, ती एकी मुलांच्या मनांत कशी रुजवावी हें शाळामंडळांनीं ठरवावें, न्यायालयानें त्यांत हात घालूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायमूर्ति हार्लन स्टोन हे एकटेच विरुद्ध राहिले. लोकांवर प्रेम नसलेली गोष्ट बळानें वदवून घेणें हें स्वातंत्र्याच्या घटनेस शोभत नाहीं, अशी त्यांची धारणा होती.

ह्या निकालाचें फळ लवकरच दिसलें. न्यायालयानेंच ह्या लोकांस देशद्रोही ठरविलें, असें अविचारी लोकांस वाटूं लागलें. त्याच महिन्यांत मेन राज्यांतील केनेबंक गांवीं जमावानें त्यांचें प्रार्थनागृह जाळिलें. वेस्ट व्हर्जिनियांतील रिचवुड गांवीं त्यांच्यांतील कांहीं जणांस बळेंच एरंडेल पाजून व दोरानें बांधून गांवांतून चालविलें. शेंकडों ठिकाणीं त्यांजवर हल्ले झाले. न्यायासनावरून बांध एक तास सरकला, आणि रस्त्यावरच्या जमावानें सारें शेत नांगरून काढिलें.

३. न्यायासन आपली चूक सुधारितें

१९४२ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत न्यायमूर्ति ब्लॅक, डग्लस व मर्फी ह्या तिघांनीं उघडपणें लिहिलें कीं, १९४० सालीं आम्हीं बहुमताबरोबर मत दिलें तें चुकीचें होतें, असें आतां आम्हांस वाटतें. मोठ्या पदावरील मनुष्यानें सर्वांदेखत असें म्हणणें ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच वर्षाच्या जानेवारींत वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षणमंडळानें राज्यांतील सर्व शाळांस ध्वजवंदन सक्तीचें केलें होतें. जो मुलगा वंदन करणार नाहीं त्यास शाळेंतून काढावें, घरीं राहिल्याबद्दल त्यास गैरहजर समजावें, आणि त्याच्या आईबापांवर खटला भरावा, असा तो कारभार होता. आईबापांस ५० डॉलरपर्यंत दंड व ३० दिवसांपर्यंत कैद होऊं शकत असे. म्हणजे शाळेंतून घालवून द्यावयाचें, आणि शाळेंत आला नाहीं म्हणून शिक्षाही करावयाची! ह्याविरुद्ध बार्नेट व इतर कुटुंबें न्यायालयांत गेलीं.

१४ जून १९४३ रोजीं, अमेरिकेंत जो ध्वजदिन म्हणून पाळला जातो त्याच दिवशीं, सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं १९४० चा निकाल रद्द केला. निर्णय न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन यांनीं लिहिला. त्यांतील चार मुद्दे आपण समजून घेतले पाहिजेत.

पहिला : ध्वजास वंदन करणें हें एक प्रकारचें बोलणेंच आहे. सरकार लोकांस देशाचा इतिहास शिकवूं शकतें, देशप्रीतीचा उपदेश करूं शकतें. पण जी निष्ठा मनांत नाहीं ती मुखानें वदविण्याचा अधिकार त्यास नाहीं. म्हणून हा हक्क केवळ त्या एका पंथाचा नव्हे, किंवा केवळ धार्मिक मनुष्याचाही नव्हे. तो प्रत्येकाचा आहे.

दुसरा : मूलभूत हक्क मतदानावर अवलंबून नसतात. बहुमतानें राज्य चालतें हें खरें. परंतु बहुमताच्या हातीं पडूं नयेत म्हणूनच कांहीं गोष्टी घटनेंत निराळ्या काढून ठेविलेल्या असतात.

तिसरा : घटनेचें बंधन राजधानींतील मोठ्या अधिकाऱ्यांसच नव्हे, तर लहान गांवांतील शाळामंडळासही आहे. कित्येकदां लहान अधिकारीच अधिक जुलमी होतो, कारण त्याच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. खेड्यांत राहणाऱ्या वाचकांस हा मुद्दा विशेष पटेल.

चवथा : जे बळानें सर्वांचें एक मत करूं पाहतात, ते शेवटीं भिन्न मताच्या मनुष्यांसच नाहींसें करितात, आणि त्यांस जी एकी लाभते ती स्मशानांतली असते. हें लिहिलें गेलें तेव्हां जर्मनींत हिटलरचें राज्य होतें, आणि तेथें ह्याच पंथाचे लोक तुरुंगांत व छावण्यांत खितपत पडले होते. पुढें न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, त्यांत अमेरिकेच्या वतीनें मुख्य फिर्यादी वकील हेच जॅक्सन होते.

४. केरळांतील तीन मुलें

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८५ सालीं केरळांतील कोट्टायम जिल्ह्यांत एका शाळेंत तीन भावंडें शिकत होतीं. एक दहावींत, एक नववींत व एक पांचवींत. तीं ‘यहोवाचे साक्षी’ पंथाचीं होतीं. सकाळच्या सभेंत ‘जनगणमन’ चालू असतां तीं अदबीनें उभीं राहत, पण गात नसत. वर्षानुवर्षें कोणीं हरकत घेतली नव्हती. त्या सालच्या जुलै महिन्यांत विधानसभेच्या एका सभासदानें ही गोष्ट पाहिली व विधानसभेंत प्रश्न केला. चौकशीसाठीं समिति नेमली गेली. मुलें सद्वर्तनी आहेत व त्यांनीं राष्ट्रगीताचा अपमान केलेला नाहीं, असें समितीनें कळविलें. तथापि शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून २६ जुलै रोजीं मुख्याध्यापिकेनें तिन्ही मुलांस शाळेंतून काढिलें. केरळच्या उच्च न्यायालयांत त्यांस यश आलें नाहीं. मग तीं सर्वोच्च न्यायालयांत आलीं.

‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ ह्या नांवानें तो खटला प्रसिद्ध आहे. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं न्यायमूर्ति ओ. चिन्नप्पा रेड्डी व एम. एम. दत्त यांनीं निकाल दिला. न्यायालयानें प्रथम विचारिलें : राष्ट्रगीत गाइलेंच पाहिजे असा कोणता कायदा आहे? तसा कायदा नव्हताच. १९७१ च्या कायद्यानें राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करणें किंवा गाणाऱ्या सभेंत गडबड करणें हा गुन्हा ठरविला आहे. मुलांनीं यांपैकीं कांहींच केलें नव्हतें. तीं उभीं राहिलीं, यांतच मान देणें आलें. शिक्षणखात्याचीं परिपत्रकें होतीं, पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि मूलभूत हक्कावर मर्यादा घालावयाची तर ती कायद्यानेंच घालावी लागते. म्हणून १९ व्या कलमांतील भाषणस्वातंत्र्य व २५ व्या कलमांतील सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य हीं दोन्ही मोडलीं गेलीं, असें ठरलें. मुलांस पुन्हा शाळेंत घ्यावें असा हुकूम झाला.

ह्या निकालांत वर सांगितलेल्या दोन्ही अमेरिकन खटल्यांचा उल्लेख आहे. त्याचप्रमाणें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति दावर यांच्या एका जुन्या निकालाचाही आधार त्यांत घेतला आहे. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा देणारे ते हेच दावर. एका पारशी दाव्यांत त्यांनीं म्हटलें होतें कीं, एखाद्या समाजाची श्रद्धा खरी असेल तर न्यायाधीशानें ती मान्य करावी. तिचा न्याय करीत बसणें त्याचें काम नाहीं. चिन्नप्पा रेड्डी यांनींही तेंच सूत्र धरिलें. ती श्रद्धा आपल्या बुद्धीस पटते कीं नाहीं हें पाहावयाचें नसून, ती प्रामाणिकपणें धरिलेली आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. आपली परंपरा, आपलें तत्त्वज्ञान आणि आपली घटना हीं तिन्ही सहिष्णुतेचीं आहेत, तिला आपण पातळ करूं नये, असा निकालाचा समारोप आहे.

५. बांधाला दोन बाजू असतात

ह्यावरून कोणीं असें समजूं नये कीं, “माझी सदसद्विवेकबुद्धि” असें म्हटलें कीं कोणताही कायदा मोडण्यास मोकळीक मिळाली. बांध सरकारला अडवितो तसा आपल्यालाही अडवितो. १९४३ च्या निकालानंतर अवघ्या सात महिन्यांनीं, जानेवारी १९४४ मध्यें, त्याच न्यायालयानें ह्याच पंथाच्या एका स्त्रीविरुद्ध निकाल दिला. तिनें आपल्या सांभाळांतील ९ वर्षांच्या मुलीस सायंकाळीं रस्त्यावर धर्मपत्रिका वांटावयास नेलें होतें. मुलांस कामापासून व धोक्यापासून जपण्याचे कायदे धर्माच्या नांवानें बाजूस सारितां येत नाहींत, असें ठरलें. आपल्या घटनेचें २५ वें कलमही सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या अधीन आहे. पटकी आली असतां आरोग्याचे नियम पाळणें, मुलींस शाळेंत घालणें, बालविवाह न करणें, ह्या बाबतींत सदसद्विवेकबुद्धीची सबब चालावयाची नाहीं. स्वातंत्र्य हें दुष्टपणाचें पांघरूण करूं नये, असें पेत्रानेंही शिकविलें आहे (१ पेत्र २:१६).

६. आपणांस बोध

खऱ्या सदसद्विवेकबुद्धीचीं तीन लक्षणें ह्या खटल्यांतून दिसतात.

एक, ती स्वतः नुकसान सोसते, दुसऱ्याचें करीत नाहीं. मुलें शाळेला मुकलीं, बापानें खर्च सोसला. पण त्यांनीं ध्वज फाडिला नाहीं कीं कोणाच्या गाण्यांत विघ्न आणिलें नाहीं.

दोन, ती अदब सोडीत नाहीं. केरळचीं मुलें गाइलीं नाहींत, पण उभीं राहिलीं. त्यांचें तें उभें राहणेंच पुढें त्यांच्या बाजूचा पुरावा झालें. गांवांत एखाद्या विधींत भाग घेणें आपणांस अयोग्य वाटत असेल, तर तसें नम्रपणें सांगावें. शेजाऱ्याच्या देवाची निंदा करून आपला हक्क बळकट होत नाहीं.

तीन, ती कायद्याच्या वाटेनें जाते. कित्येक बंधूंस वाटतें कीं, न्यायालयाची पायरी चढणें हें विश्वासाच्या उणेपणाचें लक्षण आहे. पौलानें करिंथ येथील बंधूंस एकमेकांवर फिर्यादी करण्यावरून दोष दिला हें खरें. पण तोच पौल बेकायदा फटके मारूं पाहणाऱ्या शिपायांस आपण रोमी नागरिक आहों असें सांगतो, आणि फेस्तापुढें कैसराकडे दाद मागतो. भावाविरुद्ध लोभानें भांडणें वेगळें, आणि जुलमाविरुद्ध कायद्याचा आश्रय घेणें वेगळें. कोणीं अधिकाऱ्यानें धर्माच्या कारणावरून अडविलें तर हुकूम लेखी मागावा, आपलें उत्तरही लेखी द्यावें, पाळकांस कळवावें, व जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. तोंडी वादावादी व गांवभांडण यांत पडूं नये.

आणखी एक गोष्ट मंडळीनें आपल्यालाच लावून घ्यावी. ज्या मापानें आपण सरकारास मापितों त्याच मापानें आपणही मापिले जाऊं. घटनेच्या २८ व्या कलमांत असें आहे कीं, सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवांचून, आणि तो लहान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येत नाहीं. आपल्या पुष्कळ शाळा अशा आहेत. हिंदु, मुसलमान किंवा बौद्ध घरच्या मुलास आपल्या प्रार्थनेस बळेंच बसविणें हेंही बांध कोरणेंच होय. तसेंच यहोवाचे साक्षी यांच्या मताचें खंडन शास्त्राधारें करावें, पण त्यांजवर कोणीं हात टाकिला तर मंडळीनें गप्प बसूं नये. आज ज्याचा बांध कोरला जातो तो दुर्बळ शेजारी आहे. उद्यां तीच नांगराची फाळ आपल्या शेतांत येते.

आपण ‘जनगणमन’ आनंदानें गातों, आणि गावें. पण तें गाणें खरें केव्हां असतें? न गाणाऱ्यास तुरुंगाचें भय नसतें, तेव्हां गाणाऱ्याचें प्रेम खरें ठरतें. देवानेंही मनुष्याची भक्ति बळानें घेतली नाहीं. प्रभु दाराशीं उभा राहून ठोकितो, दार फोडीत नाहीं. जें देवानें बळानें घेतलें नाहीं, तें कैसरानें बळानें घेऊं नये, आणि मंडळीनेंही घेऊं नये.

उपदेशकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. नबुखद्नेस्सराच्या राज्यांत ते तीन तरुण इतर बाबतींत राजाची चाकरी प्रामाणिकपणें करीत होते काय? त्यांनीं नाहीं म्हटलें तें नेमकें कोठें?

२. १९४० चा निकाल तीन वर्षांत कां बदलला? चूक कबूल करणाऱ्या न्यायाधीशांपासून आपण काय शिकावें?

३. केरळचीं मुलें उभीं राहिलीं नसतीं, तर लोकांस त्यांच्याविषयीं काय वाटलें असतें?

४. कायदा, परिपत्रक व तोंडी हुकूम यांत भेद कोणता?

५. आपल्या गांवांत असा कोणी दुर्बळ शेजारी आहे काय, ज्याचा बांध कोरला जात असतां आपण गप्प राहिलों आहों?